हातात दिले, पण कुणाच्या हातून?

गेल्या अंकात मी दाराला समन्स चिकटवण्याबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत चार पत्रे एकाच धाटणीची निघाली. समोरचा माणूस परदेशात आहे किंवा कागद परदेशातून आलेत, आणि कुणीतरी ओळखीचा मधे हात द्यायला तयार आहे. म्हणून हा अंक त्या चौघांना.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी वकील नाही. १९८४ साली सांगली जिल्ह्यात बेलिफ, म्हणजे कोर्टाचे कागद नेऊन देणारा, म्हणून लागलो आणि नाझर, म्हणजे बेलिफांचा वरिष्ठ, होऊन निवृत्त झालो. शेवटची काही वर्षे परदेशी समन्सांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर असे, कारण दुसरे कुणी त्याला हात लावायला तयार नव्हते. तुमचे वकील वेगळे सांगत असतील तर त्यांचे ऐका. फक्त 'का' एवढे विचारा.

प्रश्न : वडिलार्जित शेतीच्या वाटपाचा दावा आम्ही दोघी बहिणींनी लावला आहे. थोरला भाऊ बावीस वर्षे न्यू जर्सीत, एडिसनला असतो. दीड वर्ष झाले तरी त्याच्यावर समन्सची बजावणी नाही. तारखेला गेले की 'प्रोसेस चालू आहे' एवढेच ऐकायला मिळते. माझ्या मुलाचा मित्र भावाच्या घरापासून दहा मिनिटांवर राहतो. तो म्हणतो, मावशी, पीडीएफ पाठवा, मी प्रिंट काढून त्यांच्या हातात देतो आणि फोटोही काढतो. असे केले तर कोर्ट बजावणी झाली असे धरेल का? (एक भगिनी, कऱ्हाड)

उत्तर : ताई, त्या मुलाला म्हणावे, जरा थांब.

कागद पोहोचला की बजावणी झाली, असे आपल्याला वाटते. पण कोर्टाला कागद पोहोचताना दिसत नसतो. कोर्टापुढे येतो तो समन्सच्या मागचा शेरा. किती वाजता, कुठे, कुणाला दिले, कुणी ओळख पटवली, सही घेतली की अंगठा. नोकरीच्या पहिल्या वर्षी तासगाव तालुक्यातल्या एका गावात सायकलवरून गेलो होतो. ओट्यावर एक गृहस्थ पान लावत बसले होते. प्रतिवादीचे नाव घेऊन विचारले, तर म्हणाले, "ते कोल्हापूरला गेलेत." शेजारचे पोर फिदीफिदी हसले, "आबा, तुमीच की!" आबांनी मुकाट्याने कागद घेतला, सही केली, मीही खूश. शेरा लिहिला, 'स्वतः स्वीकारले'. पुढे आबांनी शपथेवर सांगितले की सही माझी नव्हे, त्या दिवशी मी गावातच नव्हतो. साहेबांनी मला पिंजऱ्यात उभे करून विचारले, "यांना तुम्ही आधी ओळखत होता?" नाही. "ओळख कुणी पटवली?" एका पोराने. "त्याचे नाव शेऱ्यात आहे?" नाही. बजावणी रद्द, आणि पुन्हा अठरा किलोमीटर सायकल.

तुमच्या मुलाच्या मित्राच्या फोटोचे तेच होईल. फोटोतला माणूस तुमचा भाऊ आहे, हातातला कागद समन्सच आहे आणि त्यासोबत दाव्याची नक्कल होती, हे शपथेवर कोण सांगणार? शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेल्या पीडीएफच्या प्रिंटवर कोर्टाचा मूळ शिक्का नसतो.

आता गंमत पाहा. न्यू जर्सीच्या नियमांना तो मुलगा चालतो! तिकडे समन्स देण्याचे काम शेरीफ, म्हणजे तिथला सरकारी अंमलदार, करतो, तसेच दाव्यात ज्याचा थेट हितसंबंध नाही असा कुणीही सज्ञान माणूस करू शकतो. हे काम पैसे घेऊन करणारेही असतात, त्यांना प्रोसेस सर्व्हर म्हणतात. घरी माणूस नसेल तर घरातल्या चौदा वर्षांवरच्या, तिथेच राहणाऱ्या व्यक्तीकडे दिलेलेही चालते. आपल्याकडे मात्र घरचे सज्ञान माणूसच लागते, आणि नोकर घरचा धरत नाहीत. परदेशी कागद खासगी हातांनी पोहोचवायलाही अमेरिकेने हरकत घेतलेली नाही. म्हणजे अडचण एडिसनला नाही, ती आपल्या कोर्टात आहे. पक्षकाराने स्वतः समन्स पोहोचवायचे तर आधी कोर्टाची परवानगी लागते. तिला आपल्याकडे 'हमदस्त' म्हणतात. वकिलांना हमदस्तचा अर्ज द्यायला सांगा. मंजूर झाला तर सही-शिक्क्याचे समन्स हातात मिळेल. ते त्या मुलाकडे न देता तिथल्या प्रोसेस सर्व्हरकडे द्या आणि त्याच्याकडून नोटरीपुढे केलेले शपथपत्र अपोस्टिलसह (कागद परदेशात चालावा म्हणून तिथले सरकार जोडते तो दाखला) मागवा. काका-पुतण्यासारखे संबंध असलेल्या पोराला उलटतपासणीत उभे करू नये, त्याचेही संसाराचे दिवस आहेत.

पण हमदस्त ही जादाची वाट आहे. मुख्य वाटेची वाट लावून आडवाटेने जाऊ नका. मुख्य वाट म्हणजे १९६५ चा हेग करार. अमेरिका त्यात १९६९ पासून आहे, आपल्याला तो १ ऑगस्ट २००७ पासून लागू झाला. प्रत्येक देशाने एक कार्यालय नेमायचे आणि दुसऱ्या देशाचे कागद त्याने घेऊन आपल्या पद्धतीने बजवायचे, अशी ती व्यवस्था. आपले कार्यालय म्हणजे दिल्लीचे कायदा मंत्रालय. तिकडे हे काम त्यांच्या न्याय खात्याकडे आहे आणि ते खासगी कंपनीकडून करून घेतात. मी शेवटचा गठ्ठा पाठवला तेव्हा त्याची फी माणशी ९५ डॉलर होती. माणशी, हे लक्षात ठेवा. भावजयही प्रतिवादी असेल तर दोन फॉर्म, दोन फिया, जरी दोघे एकाच घरात राहत असले तरी.

फॉर्मला तीन भाग असतात : विनंती, दाखला आणि कागदांचा गोषवारा. सगळे दोन-दोन प्रतींत. तुमचा दावा मराठीत असेल तर पूर्ण दाव्याचा इंग्रजी तरजुमा लागतो, फक्त समन्सचा नव्हे. दीड वर्ष का गेले याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते. तुमचा गठ्ठा नेमका कुठे आहे, कोर्टातच की पुढे गेला, हे रोजनामा, म्हणजे तारखेतारखेला काय झाले याची कोर्टातली नोंद, पाहून शोधा. 'प्रोसेस चालू आहे' हे वाक्य मीही पक्षकारांना शेकडो वेळा ऐकवले आहे. त्याचा अर्थ पुष्कळदा 'फाइल उघडलेली नाही' असा असतो.

आणि तारीख! माझ्या टेबलावरून एका देशात पाठवलेले पाकीट सात महिन्यांनी जसेच्या तसे परत आले. वर चिठ्ठी, की हजर राहण्याची तारीख उलटून गेली आहे, आता आम्ही काय बजावू? आमच्या बाबूने नेहमीच्या सवयीने सहा आठवड्यांची तारीख टाकली होती आणि खाली सही माझी होती. तेव्हापासून परदेशी समन्स आले की मी साहेबांकडे जाऊन आधी लांबची तारीख मागून घ्यायचो. सहा महिन्यांपेक्षा कमी घेऊ नका. त्या करारातही सहा महिन्यांना वजन आहे. कागद नीट वाटेने गेले, सहा महिने उलटले आणि प्रयत्न करूनही दाखला आला नाही, तर न्यायाधीश दाखल्याविना दावा पुढे चालवू शकतात.

निळ्या खुणांबद्दलही तुम्ही विचारणारच. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीत (हुकुमाच्या अंमलबजावणीच्या अर्जात) व्हॉट्सॲपवर गेलेली नोटीस, ती उघडून पाहिल्याच्या खुणा दिसल्यावर, मान्य केली होती. परदेशात राहणाऱ्याला टपालाने, कुरियरने, ईमेलने समन्स पाठवायची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहेच, पाचव्या ऑर्डरच्या पंचविसाव्या नियमात. पण ते पाठवायचे कोर्टाने. तुम्ही भावाच्या व्हॉट्सॲपवर टाकले तर ती फक्त बहिणीची नोटीस.

आता दोन प्रश्न, जे मी असतो तर तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारले असते. एक, भावाने गावात कुणाला कुलमुखत्यारपत्र दिले आहे का? बावीस वर्षे माणूस तिकडे आणि शेतीचा सातबारा, पीकपाणी, बँक सगळे सुरळीत, म्हणजे कुणीतरी सही करत असणार. चुलतभाऊ, मेहुणा, गावातला सोसायटीचा सेक्रेटरी. असा मुखत्यार असला तर त्याच्यावर केलेली बजावणी ही मालकावरची बजावणी धरता येते. नक्कल मिळवा. मग एडिसनचे नावच नको.

दोन, भाऊ गावी येतो का? एका गृहस्थांवर, ते कुवेतला होते, तीन वर्षे बजावणी होईना. गावच्या जत्रेला ते येतात हे वादीलाही ठाऊक होते, पण कोर्टाला कुणी सांगितले नव्हते. मी पालखी टेकायची वाट पाहत पाराशी उभा राहिलो. त्यांनी गुलालाच्या हाताने सही केली. तो गुलाबी अंगठ्याचा डाग असलेला कागद त्या दाव्याच्या फाइलीत अजून असेल. यंदा गणपतीला, दिवाळीला, कुणाच्या लग्नाला भाऊ येणार असेल तर आधीच अर्ज देऊन ठेवा आणि बेलिफाला गावचा माणूस सोबत द्या, ओळख पटवायला. नाव शेऱ्यात लिहून घ्या.

प्रश्न : मुलगा दोन वर्षांपूर्वी ह्यूस्टनहून परत आला, आता सांगलीत नोकरी करतो. सून तिकडेच आहे. लग्न मिरजेत झाले होते. गेल्या मंगळवारी मोटरसायकलवरून एक तरुण आला, फाटकातच माझ्या हातात लिफाफा दिला, मोबाइलवर फोटो काढला आणि गेला. सही घेतली नाही. आत टेक्सासच्या कोर्टातले घटस्फोटाचे कागद आहेत. मुलगा घरी नव्हता. मी निवृत्त शिक्षक आहे, असले काही आयुष्यात पाहिले नाही. हे आम्हाला लागू होते का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : गुरुजी, तो तरुण बेलिफ नव्हता. बहुधा कुरियरवाला किंवा कुणा एजन्सीचा माणूस असेल.

मघाशी कऱ्हाडच्या ताईंना सांगितले की अमेरिकेने खासगी हातांना हरकत घेतलेली नाही. भारताने घेतली आहे. परदेशी कोर्टाचे कागद थेट टपालाने, किंवा असे माणूस पाठवून, भारतात बजावायला आपण करारात सामील होतानाच नकार कळवला. कागद दिल्लीला यायचे, इंग्रजीत किंवा इंग्रजी तरजुम्यासह, तिथून आपल्या कोर्टात आणि मग बेलिफाच्या हातून. अशी टपाले मी स्वतः नेली आहेत. एकदा बेदाण्याच्या हंगामात एका शेडवर गेलो. प्रतिवादी जाळीवर बेदाणा पसरत होता, हात चिकट. म्हणाला, "साहेब, हात धुतो." मी म्हटले, धुवा. धुऊन आला, तीनही पाने शांतपणे वाचली, घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि सही केली. परदेशी कागदांची माझ्या हातून झालेली सगळ्यात नेटकी बजावणी ती. खऱ्या टपालात गोषवाऱ्याचा फॉर्म असतो, बेलिफाकडे ओळखपत्र असते आणि तो सही घेतल्याशिवाय, निदान मागितल्याशिवाय, हलत नाही.

तेव्हा तुमच्याकडची बजावणी लंगडी आहे, असे माझे मत. पण म्हणून लिफाफा कपाटात टाकू नका! टेक्सासमध्ये उत्तर द्यायची मुदत अशी मोजतात : बजावणीनंतर वीस दिवस संपले की त्यापुढच्या सोमवारी सकाळी दहापर्यंत. बजावणी चूक आहे हे त्या कोर्टाला कुणीतरी सांगावे लागते, ते आपोआप कळत नाही. लिफाफ्यावर मंगळवारची तारीख, वेळ, मोटरसायकलचा नंबर आठवत असल्यास तो, आणि 'मुलगा घरी नव्हता, मी घेतले' असे लिहून सही करा. लिफाफा फेकू नका. फाटकावर कॅमेरा असेल तर चित्रण उतरवून ठेवा.

दुसरे, मुलाला सांगा की सुनेला किंवा तिच्या वकिलाला 'कागद मिळाले' असा मेसेज करायचा नाही. भांडायचाही नाही, समजुतीचाही नाही. आधी टेक्सासच्या वकिलाशी बोला. तिथे हद्दीची हरकत, म्हणजे 'या कोर्टाला आमच्यावर अधिकारच नाही' हे म्हणणे, घ्यायची असेल तर ती इतर कोणत्याही म्हणण्याच्या आधी द्यावी लागते. क्रम चुकला की हरकत गेली. सहा महिने टेक्सासमध्ये आणि नव्वद दिवस त्या काउंटीत राहिलेली व्यक्ती तिथे घटस्फोट मागू शकते, त्यामुळे तुमच्या सुनेने दावा लावला यात वावगे काही नाही. तो हुकूम इथे चालेल का, हा प्रश्न वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगून ठेवले आहे की ज्या कायद्याने लग्न झाले त्या कायद्याने मान्य केलेली हद्द आणि कारण असेल तरच परदेशी हुकूम धरायचा. अपवाद आहेत, आणि त्यातला मोठा अपवाद म्हणजे नवऱ्याने आपणहून तिथे हजर होऊन दावा लढवणे. म्हणूनच म्हणतो, मेसेज नको. मिरजेचे लग्न हिंदू विवाह कायद्याचे. तिकडे 'पटत नाही' एवढे कारण पुरते, आपल्या कायद्यात ते एकतर्फी कारण नाही.

दोघांनाही सुटायचेच असेल तर मात्र इथे संमतीने अर्ज करा. या बजावणीच्या भानगडीत दोन वर्षे घालवू नका. हे तुम्ही विचारलेले नाही, पण न विचारलेले सांगायची शिक्षकांची सवय मलाही त्यांच्यामुळेच लागली.

हे सगळे दिवाणी कागदांबद्दल. फौजदारी खटल्याचे समन्स परदेशी पाठवायचे किंवा तिकडून यायचे तर वाट गृह मंत्रालयातून जाते, हेग करार तिथे लागत नाही.

प्रश्न : भाडेकरू दहा महिन्यांचे भाडे बुडवून झुरिकला नोकरीला गेला. दावा लावला आहे. मुलगी मे महिन्यात स्वित्झर्लंडला फिरायला जाते आहे. समन्स तिच्याबरोबर पाठवू का? वकील म्हणतात, हमदस्त मिळेल. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अजिबात नको. हमदस्त मिळाला तरी नको.

स्वित्झर्लंडच्या फौजदारी कायद्यात २७१ वे कलम आहे. सरकारी अधिकाऱ्याने करायचे काम त्यांच्या भूमीवर परक्या देशासाठी परवानगीविना कुणी केले तर तो गुन्हा, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. कोर्टाचा कागद बजावणे हे त्यांच्या लेखी सरकारी काम. असल्या कामाला मदत करणाराही त्याच कलमात येतो, म्हणजे ठाण्यात बसलेले तुम्हीसुद्धा. आपल्या कोर्टाने हमदस्त दिला म्हणून तिथल्या पोलिसाला काही फरक पडत नाही.

स्वित्झर्लंड हेग करारात आहे, त्याच वाटेने पाठवा. झुरिकसाठी जर्मन तरजुमा जोडा. जर्मन तरजुमा करणारे पुण्यात मिळतात, पण पानामागे पैसे घेतात. तुमच्या दाव्याला जोडलेल्या भाडेपावत्यांची झेरॉक्स किती पाने आहे ते आधी मोजा आणि वकिलांना विचारा की सगळी जोडायलाच हवीत का. मुलीला निर्धास्त फिरू द्या.

प्रश्न : मित्राला सहा लाख हातउसने दिले, तो दुबईला गेला. चिपळूणच्या कोर्टात वसुलीचा दावा आहे. माझा चुलतभाऊ शारजात आहे, तो नेऊन देईल. पत्ता म्हणून माझ्याकडे पी. ओ. बॉक्स नंबर आणि कंपनीचे नाव आहे. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : भाऊ, अमिरात हेग करारात नाही. पण भारत आणि अमिरात यांचा १९९९ चा स्वतंत्र करार आहे, समन्स बजावण्यापासून हुकुमाच्या अंमलबजावणीपर्यंत सगळे त्यात येते. इकडून कायदा मंत्रालय, तिकडून त्यांचे न्याय मंत्रालय. चुलतभाऊ त्यात कुठेच बसत नाही.

तुम्हाला घाई आहे हे कळते. पण पैसे वसूल व्हायचे ते त्याच्या दुबईतल्या पगारातून. चिपळूणचा एकतर्फी हुकूम घेऊन तुम्ही तिथल्या कोर्टात गेलात, की पहिल्यांदा हेच विचारतील : याला समन्स नीट मिळाले होते का? तिथे शारजाच्या चुलतभावाचा फोटो दाखवून भागणार नाही. त्याची गावाकडे जमीन, घर, ठेव काही असेल तर गोष्ट वेगळी, मग हुकूम इथेच बजावता येईल. ते आधी तपासा.

चुलतभावाला मात्र एक काम जरूर द्या. तिकडे टपाल घरोघर येत नाही, पी. ओ. बॉक्समध्ये पडते, म्हणून सगळे तोच पत्ता सांगतात. बजावणीला तो निरुपयोगी. मित्र राहतो त्या इमारतीचे नाव, भाग, मजला, फ्लॅटचा नंबर आणि चालू मोबाइल नंबर एवढे त्याने शोधून आणावे. इमारतीखालच्या किराणा दुकानात विचारले तरी सांगतील, तिथेही आपलीच माणसे असतात. तो पत्ता हातात आला की दाव्यात पत्त्याची दुरुस्ती करून घ्या, आणि मगच समन्सचा अर्ज द्या.